वाचकांचे प्रश्न : मुलीचा राग बरोबर असेल तर?

जूनपासून आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा दिसतोय: सामाजिक-भावनिक अध्ययन, शाळांच्या बोलीत ‘एसईएल’चा तास. मी आधी मराठीची शिक्षिका होते, पुढे शाळेतच समुपदेशक झाले. त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे आणि त्याबद्दल माझी मतंही ठाम आहेत. या वेळी चारच पत्रं घेतली आहेत, पण उत्तरं सविस्तर दिली आहेत.

ताई, माझी मुलगी चिंचवडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीत आहे. वर्गात निळा, हिरवा, पिवळा, लाल अशा चार रंगांचा तक्ता आहे. सकाळी आल्यावर आपल्या नावाची क्लिप आपल्या मनःस्थितीच्या रंगावर लावायची. जुलैत तुकड्या बदलल्या आणि तिची पहिलीपासूनची मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली. तेव्हा हिने आठवडाभर लाल रंगावर क्लिप लावली. मुलं तिला ‘रेड झोन’ म्हणू लागली. पालकसभेत मॅडम म्हणाल्या, ‘सेल्फ रेग्युलेशनमध्ये ती कमी पडते.’ आता ती रोज हिरव्यावर क्लिप लावते, म्हणजे तसा प्रश्न सुटलाय. पण मला बरं वाटत नाही. शाळेशी बोलू का? त्याचा त्रास तिलाच होईल का?
– एक आई, चिंचवड

ती रोज हिरव्यावर क्लिप लावते, हेच मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खुपलं. प्रश्न सुटलेला नाही. मनात काय आहे ते दाखवलं की नाव पडतं, एवढं ती त्या तासातून शिकली. तुम्हाला बरं वाटत नाही ते योग्यच आहे.

चार रंगांची ही पद्धत लिआ कायपर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी तयार केली. कुठलाही रंग वाईट नाही, हे तिचं मूळ सूत्र. मुलाने स्वतःला ओळखावं आणि शेजारी एखादं विश्वासाचं मोठं माणूस असावं, यासाठी ती आहे. चाळीस मुलांच्या नजरेसमोर भिंतीवर टांगली की ती जाहीर पाटी होते. लाल चांगला नाही हे मुलांना कुणी सांगावं लागत नाही, मोठ्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळतं.

आता तिच्या रागाकडे बघा. पहिलीपासूनची मैत्रीण एका सकाळी दुसऱ्या तुकडीत गेली. दोघींना कुणी विचारलं नाही, कुणी कारण सांगितलं नाही. अशा वेळी अकरा वर्षांच्या मुलीला राग येणं मला पूर्ण समजतं, आला नसता तर मी जास्त विचारात पडले असते. शाळेने त्या रागाचं काय केलं? श्वास घे, दहा आकडे मोज, रंग बदल. तुकड्या कशा पाडल्या, हा प्रश्न त्या तासात आलाच नाही. या विषयावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. जगभर या अभ्यासक्रमांत पाच क्षमता सांगतात: स्वतःची जाणीव, स्वतःवर ताबा, इतरांची जाणीव, नातेसंबंध सांभाळणं आणि जबाबदारीने निर्णय घेणं. पाचही चांगल्या आहेत. पण पाचही मुलाच्या आत शोधायच्या आणि मुलानेच कमवायच्या. वेळापत्रक, तुकड्या, शिक्षकाचा आवाज, स्वच्छतागृहाची अवस्था यांतलं काहीच या यादीत तपासलं जात नाही. त्यामुळे मुलाला त्रास झाला की सुधारायचं कुणी, याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

शाळेशी जरूर बोला, पण लेखी तक्रारीने सुरुवात करू नका. वर्गशिक्षिकेला एकट्याने भेटा आणि नेमकं विचारा. ‘कमी पडते’ हे कुठल्या दिवशी, काय पाहून ठरलं? क्लिप लावणं ऐच्छिक करता येईल का, किंवा रंग फक्त बाईंना कळेल अशी चिठ्ठी चालेल का? मधल्या सुट्टीत दोघी मैत्रिणींना एकत्र डबा खाता येईल का? तिसरा प्रश्न सगळ्यात साधा आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा. बहुतेक शिक्षिका तो ऐकतात. त्यांनाही हा तास वरून आलेला असतो, दोन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर.

आणखी एक गोष्ट विचारा. अशा तासांना मुलांना गोल बसवतात आणि ‘इथे बोललेलं इथेच राहील’ असं सांगतात. तुमच्या शाळेत तसं असेल तर हे वचन कोण देतंय ते पाहा, कारण ते पाळता येत नाही. चाळीस मुलं ते पाळणार नाहीत. शिक्षकाला तर कायद्यानेच पाळता येत नाही. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. मी समुपदेशक असताना प्रत्येक मुलाला आधीच सांगायचे: तुझं बोलणं मी माझ्यापाशी ठेवीन, पण तुला कुणी इजा करत असेल तर मला ते सांगावंच लागेल. हे ऐकूनही मुलं बोलायची. विश्वास ठेवायला त्यांना खरी अट पुरते.

घरी तिला ‘आज कुठला रंग?’ असं विचारू नका. मैत्रिणीला रविवारी घरी बोलवा.

ताई, मी लातूरला बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘सामाजिक-भावनिक अध्ययनाचे चिकित्सक मूल्यमापन’ असा सेमिनारचा विषय मिळालाय. वाचायला मिळतात ते सगळे फायदेच. चिकित्सा कशाची करायची? आणि टीका केली तर मी मुलांच्या भावनांच्या विरोधात आहे असं होणार नाही का?
– एक विद्यार्थिनी

अजिबात नाही. मुलांच्या भावनांची काळजी आहे म्हणूनच चिकित्सा करायची. शिक्षक होणार आहेस, तर वर्गात नेण्याआधी प्रत्येक गोष्ट अशीच तपासून घे.

सुरुवात इतिहासापासून कर, कारण कळीची गोष्ट तिथेच सापडते. ‘सोशल अँड इमोशनल लर्निंग’ हे नाव १९९४ मध्ये अमेरिकेत एका बैठकीत रुळलं आणि त्यातून ‘कासेल’ ही संस्था उभी राहिली. पण मुळं त्याआधीची आहेत. १९६८ मध्ये येल विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी न्यू हेवन शहरातल्या दोन प्राथमिक शाळांत काम सुरू केलं. मुलं बहुतेक गरीब कृष्णवर्णीय घरांतली, शाळांची अवस्था वाईट. कोमर यांनी एक प्रसंग लिहून ठेवलाय. दक्षिणेकडच्या खेड्यातून नुकताच आलेला आठ वर्षांचा मुलगा. मावशीने कामावर जाता जाता त्याला शाळेत सोडलं. अनोळखी वर्ग, अनोळखी बाई. तो घाबरला, बाईंना लाथ मारून पळाला. एरवी अशा मुलाला मुख्याध्यापकांकडे नेतात, शिक्षा करतात, तो पुन्हा मारामारी करतो आणि शेवटी त्याला ‘अस्वस्थ मूल’ ठरवून उपचाराला पाठवतात. कोमर यांच्या गटाने शिक्षकांसमोर प्रश्न ठेवला: आठव्या वर्षी तुम्हाला असं सोडलं असतं तर? मग शाळेने नव्या मुलांच्या स्वागताची पद्धत बदलली, एकच शिक्षक दोन वर्षं त्याच वर्गाला ठेवायला सुरुवात केली, शाळा चालवणाऱ्या समितीत पालकांना घेतलं. पुढे दोन्ही शाळांतली गैरवर्तनं कमी झाली आणि निकाल वर गेले.

इथे सुरुवातीला बदलली ती शाळा, हे ध्यानात घे. आज आपल्याकडे येतं ते पुस्तिका, कार्यपत्रकं आणि ॲप या रूपात, आणि त्यात बदलायचं असतं ते मूल. सेमिनारमध्ये एकच मुद्दा मांडायला वेळ मिळाला तर हा मांड.

आता पुरावा. बहुतेक भाषणांत एक आकडा येतो: एसईएल घेतलेल्या मुलांची शैक्षणिक कामगिरी ११ शतमक गुणांनी वाढते, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत मधलं मूल साधारण ११ जागा वर जातं. तो डर्लाक आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासातला आहे. त्यांनी २१३ कार्यक्रम आणि २,७०,०३४ मुलांची माहिती एकत्र केली. काम गंभीर आहे, ते उडवून लावू नकोस. पण अभ्यासातल्या कामगिरीचा तो आकडा २१३ पैकी फक्त ३५ कार्यक्रमांवरून आलाय, हे भाषणात कुणी सांगत नाही. त्यातले बहुतांश कार्यक्रम अमेरिकेतले होते, हेही नाही.

त्याच्या शेजारी इंग्लंड ठेव. तिथे ‘सील’ नावाचा असाच सरकारी कार्यक्रम २००५ मध्ये प्राथमिक आणि २००७ मध्ये माध्यमिक शाळांत आला. माध्यमिक शाळांचं मूल्यमापन २०१० मध्ये झालं, तेव्हा कार्यक्रम घेतलेल्या आणि न घेतलेल्या शाळांतल्या मुलांमध्ये सांगण्यासारखा फरक मिळाला नाही. २०२२ चा मिरियाड प्रयोग त्याहून बोलका आहे. ब्रिटनमधल्या ८५ शाळांत ८,३७६ मुलं घेऊन, निम्म्या शाळांत शिक्षकांनी सजगतेचे, म्हणजे ‘माइंडफुलनेस’चे, धडे दिले. नेहमीच्या शिकवण्याच्या तुलनेत मुलांना फायदा झाला नाही. ज्या मुलांना आधीपासून मानसिक त्रासाचा धोका जास्त होता, त्यांच्यात तर वर्षभरानंतर काही बाबतींत स्थिती थोडी बिघडलेली दिसली. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ऑस्ट्रेलियात सुमारे हजारभर किशोरवयीन मुलांना भावना हाताळण्याचं आठ तासिकांचं प्रशिक्षण दिलं. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्या मुलांचं आईवडिलांशी नातं न शिकलेल्या मुलांपेक्षा खालावलेलं दिसलं.

असं का होत असेल? मी वर्गात पाहिलेलं सांगते. ज्या मुलाला फारसं दुःख नाही, त्याला तो तास कंटाळवाणा होतो. ज्याला आहे, त्याची खपली निघते, आणि तेवढ्यात घंटा होऊन गणिताचे सर वर्गात येतात. उघडलेलं मन मिटायला कुणी शेजारी नसतं. मुलाला त्याच्या दुःखाकडे बघायला सांगायचं असेल तर त्याच्यासोबत थांबायची सोय आधी हवी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं सांगितलं. तुझ्या सरावपाठाच्या शाळेत असं माणूस आहे का, ते विचार आणि उत्तर सेमिनारमध्ये घाल.

तिसरी बाजू मोजमापाची. मुलांना ‘मी स्वतःवर ताबा ठेवतो: नेहमी, कधीकधी, क्वचित’ असे रकाने भरायला देतात. मूल स्वतःची तुलना आजूबाजूच्या मुलांशी करतं. त्यामुळे कडक शिस्तीच्या शाळेतलं मेहनती मूल स्वतःला कमी गुण देतं. चिकाटीवरच्या संशोधनामुळे नाव झालेल्या अँजेला डकवर्थ यांनी डेव्हिड येगर यांच्यासोबत २०१५ मध्येच हा धोका सविस्तर लिहिला. कॅलिफोर्नियातल्या काही जिल्ह्यांनी असे गुण शाळांच्या मूल्यांकनात धरायचं ठरवलं तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. मोजणाऱ्या बाईच म्हणतात, याच्यावरून शाळेला दर्जा देऊ नका.

भारतातलं उदाहरण हवं तर दिल्लीचं घे. २ जुलै २०१८ ला दलाई लामांच्या उपस्थितीत तिथल्या सरकारी शाळांत नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपिनेस करिक्युलम’ सुरू झाला. ध्यान, गोष्ट, कृती, बोलणं; परीक्षा नाही, गुण नाहीत. गुण न ठेवण्याचा तो निर्णय मला मनापासून आवडतो. पण शाळेतलं मूल आनंदी का नाही, या प्रश्नाचं उत्तर एनसीईआरटीच्या २०२२ च्या सर्वेक्षणात आहे. सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांपैकी ८१ टक्क्यांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल सांगितलं. म्हणजे चिंता शाळेतूनच येते. तिच्यावर रोजचा एक तास उपाय म्हणून द्यायचा आणि परीक्षा होती तशीच ठेवायची, हे मला पटत नाही. तुझ्या सेमिनारला शुभेच्छा. आकडे पाठ कर, पण कोमर यांचा तो आठ वर्षांचा मुलगा आधी सांग.

हे सगळं परदेशी फॅड आहे. आम्हाला मास्तरांची छडी होती आणि परिपाठातला सुविचार होता, तेवढ्यावर आमची मनं घट्ट झाली. अमेरिकेतसुद्धा आता पालक विरोध करतायत. तुम्ही या फॅडाला विरोध करता याचा आनंद वाटला.
– एक निवृत्त अधिकारी, सांगली

मी तुमच्या बाजूची नाही, हे स्पष्ट सांगते. २०२२ मध्ये फ्लोरिडा राज्याने गणिताची कितीतरी पाठ्यपुस्तकं नाकारली आणि त्यामागच्या कारणांत सामाजिक-भावनिक अध्ययनाचं नाव घेतलं. ती भांडणं तिथल्या राजकारणाची आहेत. मुलाने वर्गात मनातलं बोलूच नये, असं मला वाटत नाही.

छडीने मनं घट्ट झाली असं तुम्ही म्हणता. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं छडीमुळे सातवीत शाळा सोडून गेली, ती हे पत्र लिहायला आज इथे नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. कलम २९ मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवायला आणि मोकळेपणाने बोलू द्यायला सांगतं. २००९ चा आपलाच कायदा आहे तो, फॅड नव्हे. परिपाठातली मूल्यं मीही शिकवली: वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता. ती फळ्यावर लिहून आली नाहीत. वर्ग झाडायला फक्त मुलींना सांगणं बंद केलं, तेव्हा त्यातलं एक थोडं आलं.

मॅडम, मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीचा वर्गशिक्षक आहे. समग्र प्रगतीपुस्तकात मुलांच्या सामाजिक-भावनिक बाबींच्या नोंदी करायच्या असतात. स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन हेही असतं. माझ्या वर्गातली बरीच मुलं दिवाळीनंतर आईवडिलांसोबत ऊसतोडीला जातात आणि एप्रिलच्या आसपास परत येतात. एक मुलगा परत आल्यापासून सारखा मारामारी करतो. वर्गातल्या मुलांनी त्याच्या कार्डावर ‘मदत करत नाही’ असं चित्र रंगवलं. मी काय नोंद करू? आणि आनंददायी शनिवारी अशा मुलासाठी काय घेऊ?
– एक शिक्षक

सर, तुमच्या पत्राने मी बराच वेळ अस्वस्थ होते.

आधी नोंदीबद्दल. २०१० मध्ये आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा वर्णनात्मक नोंदींची कल्पना फार चांगली होती. दोन-तीन वर्षांत दुकानांत तयार नोंदींच्या पुस्तिका मिळू लागल्या. ‘इतरांना मदत करतो’, ‘भावना योग्य शब्दांत व्यक्त करतो’. शिक्षक साठ-साठ मुलांच्या वह्यांत ती वाक्यं आलटून पालटून उतरवायचे. त्यांना मी दोष देत नाही, हातात तेवढाच वेळ होता. समग्र प्रगतीपुस्तकाचंही तेच होण्याची मला भीती वाटते. म्हणून तुम्ही एकच करा: गुणविशेष लिहू नका, घडलेली गोष्ट लिहा. ‘राग आवरत नाही’ असं नको. ‘१४ एप्रिलच्या आठवड्यात परत आला. अपूर्णांक आणि भूगोलाचे तीन पाठ बुडालेत. त्याची जागा आता दुसऱ्याकडे आहे. दोनदा भांडण, दोन्ही वेळा जागेवरून’ असं लिहा. एवढं लिहिलं की पुढे काय करायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. आणि सहाध्यायी मूल्यमापनाचं ते चित्र कार्डावर ठेवू नका. पाच महिने जो वर्गात नव्हता, तो कुणाला मदत कधी करणार?

माण तालुक्यातल्या एका शाळेत मी होते तेव्हाची आठवण तुम्हाला सांगाविशी वाटते. दुष्काळाचं वर्ष. शाळेत एकच नळ, पाणी मधल्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटं. रोज तिथे ढकलाढकली, एकदा एका मुलाचा दात पडला. बाहेरून पाहुणे बोलावून ‘रागावर नियंत्रण’ असं व्याख्यान ठेवलं. मुलांनी शांत ऐकलं. दुसऱ्या दिवशी नळावर तेच. मग मोठ्या बाईंनी लहान वर्गांची सुट्टी दहा मिनिटं आधी केली आणि दोन पिंपं भरून ठेवायला सुरुवात केली. मारामाऱ्या त्याच आठवड्यात थांबल्या. त्या मुलांना राग आवरता येत नव्हता असं नाही. त्यांना तहान लागली होती.

तुमच्या विद्यार्थ्याचं मूळही मला तिथेच दिसतं. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, मुकादम येतो, कोयत्याबरोबर पोरंही जातात, नाहीतर धाकट्याला सांभाळणार कोण? दहाव्या वर्षी तो फडात पहाटे उठलाय, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा केलंय, भावंडं राखलीत. परत आला तर वर्गातली जागा गेलेली, पुस्तक पुढे गेलेलं, आणि सोबती त्याच्या वागण्याला चित्र रंगवून गुण देतायत. त्याला सहानुभूती शिकवायची गरज मला तरी दिसत नाही. ती त्याला मिळायची राहिली आहे.

आनंददायी शनिवार, म्हणजे कृती-उपक्रमांचा शनिवार, पहिली ते आठवीसाठी आहे, आणि त्यात काय घ्यायचं याला तुम्हाला थोडी मोकळीक आहे, तिचा उपयोग करा. प्राणायाम घ्या, पण त्याच्यासाठी म्हणून नको. परत आलेल्या मुलांना त्यांनी पाहिलेला कारखाना, गाडीतळ, वजनकाटा यांचा नकाशा काढायला सांगा आणि बाकीच्यांना प्रश्न विचारू द्या. एका गाडीत किती टन ऊस बसतो, हे वर्गात फक्त त्यांनाच माहीत असतं, त्यावरून गणितही होतं. घरची मजुरी, उचल, कर्ज यांबद्दल मात्र सगळ्यांसमोर विचारू नका, ते त्याने तुमच्याशी एकट्याने बोलायचं ठरवलं तर बोलेल. बुडालेल्या पाठांसाठी रोज अर्धा तास, त्याच्या वयाच्या एका मुलासोबत जोडीने बसवा. ती जोडी तुम्ही निवडा, चिठ्ठ्या टाकून नको.

आणि येत्या दिवाळीआधी शालेय व्यवस्थापन समितीत हंगामी वसतिगृहाचा विषय लेखी मांडा, म्हणजे ज्या घरांत आजी-आजोबा नाहीत त्यांच्या मुलांना गावातच राहता येईल. जी जातील त्यांची नावं हजेरीपटावर आणि बाकावर तशीच राहू द्या. जानेवारीत एखाद्या शनिवारी त्याच्या वडिलांच्या मोबाईलवर फोन लावा, स्पीकर सुरू करा आणि वर्गाला त्याच्याशी बोलू द्या. संध्याकाळी सहानंतर लावलात तर तो खोपीवर सापडेल, त्यामुळे ज्या मुलांना थांबता येईल तेवढ्यांनाच बोलवा.